पांढरे सिग्नल

मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलाला सहा भोकं होती. पेन्सिल जाईल एवढी गोल, कडा काचकागदाने घासून गुळगुळीत केलेल्या, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात एक ते सहा असे आकडे. बाकी टेबलावर कशाची कमी नव्हती. रूळ होते, पूल होता, लगद्याचा डोंगर होता आणि त्यातून आरपार बोगदा होता. स्टेशनाला काडेपेटीएवढी तिकिटाची खिडकी होती. फलाटाला लागून वीतभर लांबीचं काळं इंजिन चार डबे घेऊन उभं होतं. सात वर्षं ते तिथेच उभं होतं.

हे सगळं ड्रायव्हरकाकांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने केलेलं. आळीतले लोक बघायला येत, तोंडभरून कौतुक करत आणि शेवटी हमखास म्हणत, "काका, एकदा चालवून तर दाखवा!"

"सिग्नल बसल्याशिवाय गाडी हलत नाही," काका म्हणत.

"अहो, खेळण्यातली आहे ती," काकू शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणत.

"गाडी ती गाडी. नोकरीत जे कधी केलं नाही, ते आता म्हातारपणी करू?"

काकूंचं पायमशीन त्याच खोलीत भिंतीला लावलेलं होतं. लग्नानंतर दोनेक वर्षांत त्यांनी शिवणकाम सुरू केलं, ते अजून चालू होतं. दोघं पाठीला पाठ करून आपापल्या कामात असत. ते टेबलावर वाकलेले, त्या मशीनवर. तास न् तास कोणी बोलत नसे, आणि तरी जेवायला उठताना दोघांनाही पोटभर गप्पा मारल्यासारखं वाटे.

सिग्नल काकांनी मुद्दाम शेवटी ठेवले होते, आवडीचा घास ताटात शेवटी ठेवावा तसे. वहीत आकृत्या काढल्या, भोकं पाडली, आकडे घातले. आणि मग थंडीतल्या एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला.

उजवी बाजू गेली होती. बोलणं लवकर परत आलं. दवाखान्यातलं त्यांचं पहिलं धड वाक्य डॉक्टरांना होतं, "ओरडू नका, मी बहिरा झालेलो नाही." महिन्याभराने पायही काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र आला नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून काका तो हात मांडीवर असा ठेवत, की जणू कोणा परक्याची वस्तू सांभाळायला घेतली आहे.

आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येई. तिने एक मऊ चेंडू दिला होता. तो दाबायचा. काका तिच्यासमोर तो दाबल्यासारखं करत आणि ती जिना उतरली की खुर्चीखाली ढकलून देत.

"काकू, नुसत्या चेंडूने काही होणार नाही," ती एकदा दारात चपला घालताना हळूच म्हणाली. "त्यांना जीव लागेल असं काम हवं. काही का असेना. ते उठून गेले पाहिजेत त्याच्याकडे."

असं काम मागच्या खोलीत होतंच. पण चार महिन्यांत काकांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. न्हाणीघराकडे जाताना तिच्या दारावरून जावं लागे, तेव्हा ते मान दुसऱ्या भिंतीकडे वळवत.

एके दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन मागून घेतला आणि कोळशाला लावला. कोळशा म्हणजे त्यांचा जुना फायरमन, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. कोळशाच्या इंजिनांच्या शेवटच्या वर्षांत तो त्यांच्या हाताखाली होता, तेव्हा काडीसारखा होता. आता टक्कल पडलेला, ढेरी सुटलेला आजोबा झाला होता, पण नाव तेच राहिलं होतं.

"तुझी सून शाळेत शिकवते ना? त्यांच्याकडे काचेचं मोठं कपाट आहे म्हणाला होतास. टेबलावरची माझी सगळी लाइन घेऊन जा. हो, सगळी. या रविवारी नको, पुढच्या. खोकी घेऊन ये."

काकू कणीक भिजवत होत्या. त्यांचे हात परातीतच थांबले.

"अहो, असं काय एकदम?"

"हात नाही तर सिग्नल नाहीत. सिग्नल नाहीत तर लाइन कसली? नुसता पसारा. तुला मशीनला मोकळी जागा होईल."

"मी कधी मागितली जागा?"

काकांनी फोन बाजूला ठेवला. टेबल गेलं म्हणजे काय जाणार हे काकूंना लख्ख दिसलं. टेबल तिथे होतं तोवर हा माणूस निदान त्याच्यावर रुसलेला होता. ते गेलं की रुसायलाही काही उरणार नव्हतं. मग खुर्ची, खिडकी आणि मांडीवरचा हात, एवढंच.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, काका जेवून आडवे झाल्यावर, काकूंनी मनाचा हिय्या केला. सिग्नल नाहीत म्हणून लाइन नाही ना? मग सिग्नल करायचे. हातात आयुष्यभर सुई धरली आहे, सहा सिग्नल ते काय!

काकांच्या वहीतल्या आकृत्या बघितल्यावर त्या जरा नरमल्या. बाण, अंश आणि कुठे कुठे इतकी बारीक अक्षरं, की चष्म्यावर चष्मा चढवावा लागला असता. त्यांनी वही मिटली. दोऱ्याने ओढलं की सिग्नलचा हात खाली, सोडलं की वर, एवढंच त्यांना त्यातून हवं होतं आणि तेवढं समजलं होतं.

खांबांसाठी माळ्यावरची मोडकी छत्री उतरवली. छत्रीच्या काड्या आतून पन्हळीसारख्या असतात. दोरा त्या पन्हळीतून लपून जाईल. शिवाय टोकाशी आयतं भोक, त्यात टाचणी. हातांसाठी बिस्किटांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं. आता कापडाच्या कात्रीने पत्रा कापणं म्हणजे शिवणाऱ्या बाईला जिवावर आल्यासारखंच. काकांनी एकदा त्या कात्रीने नुसता कागद कापला होता, तर काकू दोन दिवस धड बोलल्या नव्हत्या. पण पत्रा कापेल असं दुसरं काही हाताशी नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि कात्री चालवली.

खरी पंचाईत आवाजाची होती. काका दुपारी झोपत कसले, नुसते पडलेले असत, आणि मागच्या खोलीतून मशीनची घरघर आली नाही की लगेच विचारत, "काय करतेस गं?" म्हणून काकूंनी मशीनचा पट्टा काढून ठेवला. आता पाय नेहमीसारखे पायट्यावर चालत, चाक घरघर फिरे, सुई जागची हालत नसे, आणि वर हात मोकळे.

"काय शिवतेस?"

"उशांचे अभ्रे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज काय?"

"अभ्रेच."

पाचव्या दिवशी काका बाहेरून म्हणाले, "घरात उशा चार. धर्मशाळा काढणार आहेस का?"

"तुम्ही पडा हो गप्प," काकू म्हणाल्या आणि पाय जोरात मारले.

पहिला सिग्नल उभा राहिला तेव्हा त्यांनी दोरा ओढला. हात छान खाली झुकला. सोडला, तर तो तसाच लोंबत राहिला. परत वर यायला वजन हवं, हे तेव्हा कळलं. हाताच्या मागे जी आखूड शेपटी होती तिला दुसरा दोरा बांधून तो टेबलाखाली सोडला आणि त्याला मशीनची लोखंडी बॉबिन लटकवली. आता सोडल्याबरोबर हात जो उसळला तो थेट आभाळाकडे, वर्गात उत्तर येणाऱ्या हुशार मुलीसारखा. काकूंना एकटीलाच हसू फुटलं आणि तोंडावर पदर दाबावा लागला. मग शेपटीखाली एक टाचणी वाकवून अडसर केला. हात आडवा झाला की अडे. ओढलं, खाली. सोडलं, आडवा. ओढलं, खाली. त्यांनी ते निदान वीस वेळा केलं.

टेबलाखालून दोरे नेण्यासाठी त्यांनी कपड्यांच्या हुकांच्या कड्या ठोकल्या. एका कडीतून दुसऱ्या कडीत, असे सहा दोरे टेबलाच्या कडेला आणले आणि प्रत्येकाच्या टोकाला कोटाचं एकेक बटण बांधलं. खाली गुडघ्यांवर बसून वर बघत काम करायचं, त्यामुळे मान धरली. काकू बाम चोळत बसल्या तेव्हा काका म्हणालेच, "अभ्रे शिवून मान धरलेली पहिली बाई तू."

मग रंग.

यात मात्र काकूंना काडीची शंका नव्हती. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये त्या एकोणीस वर्षं राहिल्या होत्या आणि एकोणीस वर्षं दिवसातून शंभर वेळा त्यांनी सिग्नल बघितला होता. डोळे मिटले की तो समोर उभा राही. पांढराशुभ्र हात आणि टोकाजवळ काळा उभा पट्टा. पुस्तकांतल्या चित्रांत लाल असतो हे त्यांना माहीत होतं, पण चित्रं काढणाऱ्यांचं काय, त्यांना सगळंच भडक लागतं. वहीतल्या आकृत्या पेन्सिलीच्या, त्यांना रंग नव्हताच. खिडकीच्या चौकटींचा पांढरा रंग उरला होता. काळा बुटांच्या कपाटात सापडला. काकूंनी सहाही हात पुढून मागून पांढरे केले, वाळू दिले, आणि भुवया कोरायच्या कुंचल्याने काळे पट्टे ओढले. असे सरळ, की स्वतःलाच खरं वाटेना. शनिवारी दुपारी सहा सिग्नल सहा भोकांत उभे होते.

आता फक्त काकांना हाक मारायची. आणि तिथेच काकूंचा धीर सुटला.

राग आला तर? माझ्या लाइनीला हात लावलास, असं म्हणाले तर? आपल्याला जमत नाही ते हिने चुटकीसरशी केलं, असं त्यांच्या मनात आलं तर हात कायमचाच मांडीवर राहायचा. काकू तीनदा बाहेरच्या खोलीत गेल्या, तीनदा खुर्चीपाशी उभ्या राहिल्या आणि तिन्ही वेळा त्यांच्या तोंडून निघालं, "चहा घेता का थोडा?"

तिसऱ्या कपाला काका म्हणाले, "आज काय चहाचा दिवस आहे?"

आणि रविवार उजाडला.

कोळशा चार खोकी घेऊन धापा टाकत जिना चढला. "उस्ताद, तुम्ही तळमजल्यावर का नाही हो राहत?"

"तू कमी का नाही खात?" काका म्हणाले. मग आवाज उतरला. "आत आहे सगळं. मी येत नाही. बोगदा जपून उचल, लगदा आहे."

कोळशा खोकी घेऊन मागच्या खोलीत आला. काकू टेबलाला पाठ लावून उभ्या होत्या, घरात चोर शिरल्यासारख्या.

"वहिनी, बाजूला व्हा बघू."

काकू बाजूला झाल्या. कोळशा बघतच राहिला. काकूंनी पहिलं बटण ओढलं. टिक् करून हात पडला. सोडलं. टिक् करून आडवा.

"अरे वा! वहिनी, तुम्ही? देवाशप्पथ!" त्याने स्वतः दोन बटणं ओढून पाहिली. मग तो वाकला, टेबलाच्या एका बाजूने गेला, दुसऱ्या बाजूने आला, आणि एकाएकी त्याची ढेरी हलायला लागली. "वहिनी... अहो वहिनी... सगळे पाठमोरे!"

"म्हणजे?"

"पुढूनही पाठ, मागूनही पाठ! पांढरे सिग्नल! ड्रायव्हरने बघायचं काय?" तो हसता हसता खोकायला लागला, खोकता खोकता खोक्यावर बसला.

काकूंना काही कळेना. आणि तेवढ्यात बाहेर खुर्ची करकरली. मग काठी. ठक्. थांबली. पुन्हा ठक्.

काका दारात आले. चौकटीला डावा खांदा टेकवून उभे राहिले. कोळशाचं हसू जागच्या जागी विझलं.

"कोणी केलं?"

"मी," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून बारीक निघाला.

काका आत आले. चार महिन्यांनी. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही, फक्त टेबलाकडे, साहेब तपासणीला आल्यासारखं.

"दोरा कुठून नेलाय?"

"खांबाच्या आतून. मग खाली कड्या आहेत."

"ओढ."

काकूंनी एक नंबर ओढला. हात पडला.

"सोड."

हात आडवा झाला.

"हं. आणि दोरा तुटला तर?"

काकूंना प्रश्नाचा अर्थ नीट कळला नाही, पण उत्तर ठाऊक होतं. त्यांनी बटण ओढून हात पाडला, मशीनवरची कात्री घेतली आणि ताणलेला दोरा कचकन कापला. बॉबिन खाली गेली आणि हात टिक् करून आडवा उभा राहिला.

काका कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिले. "तुटला की थांबा," ते हळू म्हणाले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? दोरा तुटला की वजन ओढणारच."

"आणि एवढं बरोबर करून रंग हा?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. चार महिन्यांत तो आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. "अगं, ड्रायव्हरची बायको ना तू? पांढरा सिग्नल कधी असतो का? समोरून लाल असतो! लाल, त्यावर पांढरा पट्टा! छत्तीस वर्षं मी काय बघून गाड्या उभ्या केल्या?"

"मी असाच बघितलाय," काकूही आता चिडल्या. "एकोणीस वर्षं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोदामाच्या भिंतीच्या वर दिसायचा. पांढरा आणि काळा पट्टा. माझे डोळे फुटले होते का?"

"वहिनी, क्वार्टर सिग्नलच्या आत, स्टेशनाच्या बाजूला होती," कोळशा मध्ये पडला. "तुम्हाला त्याची पाठ दिसायची. तोंड येणाऱ्या गाडीकडे."



"पण तू सिग्नल कशाला बघायचीस?" काकांनी विचारलं.

"कशाला म्हणजे? तुमच्या गाडीची वेळ झाली की बघायचे. सिग्नल पडला की तुम्ही आलात. इंजिन शेडला लावून घरी यायला तुम्हाला पाऊण तास. तेवढ्यात पाणी तापायचं, भात व्हायचा."

"तू शिट्टी ऐकायचीस ना?"

"कुठली शिट्टी?"

काका चमकले. "माझी शिट्टी! एक लांब, दोन आखूड. स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला आलो की मारायचो. तुझ्यासाठी. म्हणूनच तर पाणी तयार असायचं!"

काकूंनी कोळशाकडे बघितलं. कोळशा छताकडे बघायला लागला.

"अहो, त्या यार्डात दिवसभर इंजिनं कोकलायची," काकू चाचरत म्हणाल्या. "त्यात माझं मशीन चालू. मला काय कळणार, कुठली तुमची..."

"दोनदा मेमो मिळाला मला त्या शिट्टीबद्दल!"

"तीनदा," कोळशा म्हणाला. "एक माझ्या नावावर घेतला होता."

काकांनी मशीनसमोरचं स्टूल काठीने ओढलं आणि त्यावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की काकूंना वाटलं, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. तेवढी एक शिट्टी ठेवायला काय हरकत होती? त्या काहीतरी सावरायला गेल्या आणि भलतंच बोलल्या.

"बघितला म्हणून काय झालं? जीव तिथेच टांगलेला असायचा. वादळ झालं त्या दिवशी पाच तास हात आडवा होता. पाच तास. शेजारची म्हणत होती, कुठे तरी गाडी घसरली. मी भात दोनदा टाकला, दोनदा काढला."

काकांनी मान वर केली. "झाडं पडली होती तो दिवस?"

"तोच."

"अगं, मी तिथेच होतो."

"कुठे?"

"त्याच सिग्नलला. पलीकडे. गोदामाच्या मागे. पाच तास त्याच हाताकडे बघत बसलो होतो. नुसता चरफडत होतो."

"आणि मला सिग्नलच्या केबिनमध्ये पाठवलं होतं चौकशीला," कोळशा म्हणाला. "तुमच्या दारावरून गेलो, वहिनी."

काकू गर्रकन त्याच्याकडे वळल्या. "माझ्या दारावरून? आणि सांगितलं नाहीस?"

"ड्यूटीवर होतो."

"मेल्या, दोन शब्द सांगायला काय तुझी जीभ झडली असती?"

"आता सांगतोय ना!" कोळशाने खरोखरच कान पकडले. इतक्या वर्षांनी शिव्या खाव्या लागतील, असं त्याला वाटलं नसावं.

"तुम्ही तरी," काकू काकांकडे वळल्या. "घरी आल्यावर बोलला नाहीत ते."

"तू तरी कुठे बोललीस? मी आलो तर तू म्हणालीस, हात धुवा."

ते खरं होतं. लाइनीचं घरी बोलायचं नाही असा काकांचा नियम होता, आणि ड्रायव्हरच्या बायकोने घाबरलेलं दाखवायचं नाही असा काकूंचा. दोघांनी आपापला नियम पाळला होता.

काका टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डावीकडच्या खणात लाल रंगाची बाटली असेल."

बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं. कोळशाने ते दारात धरून फिरवलं. काकांनी दोन नंबरचा खांब भोकातून काढायला सांगितला. एक नंबरचा दोरा तुटलेला होता, म्हणून दोन. डाव्या हातात कुंचला धरला. खांब मेजावर आडवा ठेवला, तर तो लोळायला लागला. काकू धरायला पुढे झाल्या.

"थांब. तुझी सावली पडते."

त्यांनी कुंचला दातांत धरला. डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी उचलला, गव्हाचं पोतं उचलावं तसा, आणि खांबावर आणून ठेवला. हात जड होता. खांब लोळायचा थांबला.

"एवढं करील तो," काका म्हणाले.

काकूंनी खिडकीकडे तोंड केलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

लाल रंग बरा बसला. त्यावरचा पांढरा पट्टा मात्र डाव्या हाताने चांगलाच तिरका आला. काकूंचे काळे पट्टे दोरीसारखे सरळ होते, म्हणून तो जास्तच तिरका दिसत होता. त्यांची बोटं शिवशिवली, पण त्यांनी ती पदरात गुंडाळून ठेवली.

"वाकडा आला," काका म्हणाले.

"आला खरा."

"लांबून कळणार नाही."

"जवळून कोण येतंय बघायला?"

"मागची बाजू राहू दे तशीच. ती बरोबर आहे."

कोळशा रिकाम्या खोक्यांकडे आणि या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "उस्ताद, मग मी काय करू? सुनेने कपाट पुसून ठेवलंय."

"सुनेला सांग, लाइन क्लिअर मिळाली नाही, गाडी सुटणार नाही."

"आणि मिळेल कधी?"

"पाच हात राहिलेत. एकाला एक दिवस धर. मग पुसटलेले पुन्हा. मग इन्स्पेक्शन. तू ये की तेव्हा. आणि हे बघ, येताना बारीक कुंचला आण. भुवयांच्या कुंचल्याने रंगवतात का कुठे सिग्नल?"

कोळशा चार खोकी काखेत मारून जिना उतरला. उतरताना तो कोणाला तरी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुटपुटत होता, की जिना चढवून घ्यायचा आणि वर शिव्या खाऊ घालायच्या, ही काय माणसं आहेत. पण खाली पोचल्यावर त्याच्या हसण्याचा आवाज वर आला.

काकू कापलेल्या दोऱ्याच्या जागी नवा दोरा घालायला टेबलाखाली शिरल्या. मान अजून दुखत होती. एका कडीतून ओवला, दुसरीतून ओवला, टोक वर टेबलाच्या कडेला सरकवलं.

"हे बटणात घाला," त्या खालून म्हणाल्या. "मी खांबातून आलेल्या दोऱ्याला गाठ मारते तोवर ओढू नका."

वर बराच वेळ खुडबुड चालली. एका हाताने बटणाच्या भोकात दोरा घालणं सोपं नसतं. बटण दोनदा जमिनीवर पडलं. दोन्ही वेळा काकूंनी ते उचलून वर दिलं. मग खुडबुड थांबली.

"झालं," काका म्हणाले. "ओढू?"

"थांबा."

"आता?"

"थांबा म्हटलं ना. अजून गाठ बसली नाही."

ड्रायव्हरकाका थांबले.